गच्चीकडून दरवाज्याकडे एक बाण

तक्तेबाईंना राग येतो हे साइटवर सगळ्यांना ठाऊक होतं. कशाचा येतो हे मात्र फार थोड्यांना कळायचं. सिमेंट उशिरा आलं, गवंडी दोन दिवस दांडी मारून तिसऱ्या दिवशी हसत उगवला, मिक्सर बंद पडला, यातल्या कशानेही त्या रागवत नसत. "चालायचंच," म्हणून पेन्सिलीने एक आकडा खोडायच्या आणि शेजारी दुसरा लिहायच्या. पण पाहणीला कुणी मोठं माणूस येणार म्हणून दर्शनी भिंतीला वीस रंगारी चिकटलेले दिसले की त्यांच्या कपाळाची शीर उठायची.

"ती भिंत महिनाभर अशीच राहिली तरी इमारतीचं काही अडत नाही," त्या म्हणायच्या. "जिथे अडलंय तिथे एक माणूस नाही, आणि जिथे दिसतंय तिथे वीस!"

रंगारी हसायचे. त्यांचा काय दोष?

एका हॉस्पिटलची चार मजल्यांची नवी इमारत उभी राहत होती. तिच्यातलं कुठलं काम कधी सुरू व्हायचं, कधी संपायचं, कुणासाठी कोण थांबायचं, हे ठरवून त्याचा तक्ता ठेवणं ही बाईंची नोकरी. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. वय सत्तेचाळीस, अंगाने किरकोळ, पायात साइटचे जड बूट, आणि कानामागे कायम एक पेन्सिल. पत्र्याच्या केबिनमध्ये खिडकीशी त्यांचं टेबल होतं. टेबलावर संगणक होता, पण संगणकाने काढून दिलेला हिशेब त्या पुन्हा हाताने करून बघायच्या. "यंत्र खोटं बोलत नाही," त्या म्हणायच्या, "पण पढवाल ते पोपटासारखं बोलतं."

हे हाताने करणं त्या एकविसाव्या वर्षी शिकल्या होत्या. नकाशे गिरवायच्या कामावर लागल्या होत्या तेव्हा. दिवसभर काचेच्या टेबलावर वाकून दुसऱ्यांच्या रेघांवरून रेघा ओढायच्या, आणि संध्याकाळी मान धरायची. त्या ऑफिसात वेळापत्रकं करणारे एक म्हातारे गृहस्थ होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. एकदा डबा खाताना मास्तरांनी विचारलं, "पोरी, या रेघा कशाच्या आहेत हे कधी विचारलंस का?" तिने नाही म्हटलं. मास्तरांनी एक रद्दी नकाशा उलटा केला आणि त्याच्या पाठीवर चौकटी काढायला लागले.

चौकट म्हणजे काम. बाण म्हणजे 'हे झाल्याशिवाय ते नाही'. निळ्या पेन्सिलीने पहिल्या चौकटीपासून दिवस मोजत शेवटापर्यंत जायचं, मग तांबड्या पेन्सिलीने शेवटापासून उलटं मोजत परत यायचं. जाताना आणि येताना एखाद्या चौकटीपाशी दोन आकड्यांत जो फरक पडतो, ती त्या कामाची मोकळीक. तेवढे दिवस ते काम रेंगाळलं तरी कुणाचं बिघडत नाही. काही चौकटींपाशी फरकच पडत नाही. त्या चौकटी ओळीने जोडल्या की जी सगळ्यात लांब साखळी दिसते, तो क्रिटिकल पाथ. तिच्यातलं एक काम एक दिवस लांबलं की अख्खी इमारत एक दिवस लांबली. आणि तिच्याबाहेरच्या कामांनी ऊर फुटेस्तोवर धाव घेतली तरी एक तास वाचत नाही.

"आणि बाण ऑफिसात बसून काढायचा नाही," मास्तर म्हणाले होते. "दोन्ही टोकांच्या माणसांना जाऊन विचारायचं, बाबा रे, तुझं याच्यावाचून खरंच अडतं का?"

लग्नानंतर हे सगळं त्यांनी एकदा सासूबाईंना समजावून सांगितलं होतं. सासूबाई शेंगा सोलत होत्या. सगळं शांतपणे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "म्हणजे घरात वीस माणसं जेवायला असली की जे शिजायला वेळ लागतो ते आधी चुलीवर चढवायचं. मग बाकीचं निवांत. एवढंच ना?"

"एवढंच."

"अगं मग याचा तुला पगार देतात?"

"देतात. कारण तिथे वीस जण स्वयंपाकाला असतात, आणि वीसच्या वीस जणांना आधी ताटं मांडायची असतात."

सासूबाईंना हे उत्तर इतकं आवडलं की पुढे कित्येक वर्षं त्या आल्यागेल्याला सांगत, आमची सून ताटं मांडणाऱ्यांना ओरडायच्या नोकरीवर आहे.

या साइटवर ताटं मांडायची हौस सगळ्यात जास्त होती ती साहेबांना. साहेब म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख. अडतिशीचे, तरतरीत, बोलण्यात गोड. वाईट माणूस नव्हे. पण त्यांना आरशासारखं सगळं चकचकीत लागे. काम सुरू झालं तेव्हा बाईंनी काढलेला पहिला तक्ता त्यांना भारीच आवडला. तीन हात लांब कागद, त्यावर दोनशे चाळीस कामं, आणि त्यांतून सळसळत गेलेली एक लाल रेघ. पायापासून लिफ्टपर्यंत आणि लिफ्टपासून ताबा देईपर्यंत. त्यांनी तो कागद प्लॅस्टिकमध्ये मढवून घेतला आणि आपल्या खुर्चीमागच्या भिंतीवर चार स्क्रूंनी पक्का ठोकला. पाहुणे आले की साहेब पट्टीने ती रेघ दाखवत. "आमच्याकडे सगळं शास्त्रशुद्ध असतं. ही लाल रेघ सांभाळली की झालं."

"साहेब, हा तक्ता दर महिन्याला बदलतो," बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "लाल रेघ जागची हलते. आज लिफ्टवरून जाते, उद्या भलतीकडून जाईल."

"जाऊ दे की, मॅडम. हा आपला मूळ आराखडा."

कालची हवा बाटलीत भरून ठेवावी आणि आज छत्री घ्यायची की नाही हे तिला विचारावं, तसलाच हा प्रकार. पण साहेबांच्या भिंतीवर काय ठोकायचं हे बाईंच्या हातात नव्हतं.

त्या मढवलेल्या कागदावर एक ओळ होती: आगरोधक दरवाजे. आग लागली तर तासभर ती अडवून धरणारे, जड, मापाबरहुकूम कारखान्यात बनवून घ्यायचे दरवाजे. नमुन्याच्या मंजुरीवर साहेबांची सही झाली की कारखान्याला पंचाहत्तर दिवस, बसवायला पंधरा, आणि मग अग्निशमनवाल्यांच्या तपासणीला दहा. सहीपासून ताब्यापर्यंत शंभर दिवस. आणि त्या ओळीसमोर लिहिलेलं होतं: मोकळीक, चाळीस दिवस.

मग आठव्या महिन्यात लिफ्ट शेहेचाळीस दिवस आधी आली. कंपनीची दुसरीकडची एक मागणी रद्द झाली होती, तिथली लिफ्ट नेमकी इथल्या मापाची निघाली. साइटवर आनंदीआनंद. साहेब त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या विश्वस्तांच्या बैठकीला गेले आणि तिथे टाळ्यांच्या कडकडाटात सांगून आले, "ठरल्यापेक्षा चाळीस दिवस आधी इमारत तुमच्या ताब्यात देतो." परत आले ते थेट बाईंच्या टेबलापाशी.

"मॅडम, तारीख चाळीस दिवस अलीकडे आणलीय. तक्ता तेवढा जुळवून घ्या."

"मला विचारून आणायची होतीत, साहेब."

"अहो, लिफ्ट आली ना! लाल रेघच ती होती."

बाईंनी तांबडी पेन्सिल घेतली आणि नव्या तारखेपासून उलटं मोजायला सुरुवात केली. लिफ्टला सहा दिवस उरले. गच्चीच्या कामाला बहात्तर होते, त्यांचे बत्तीस झाले. आणि दरवाज्यांचे चाळीस वजा चाळीस, शून्य. लाल रेघ लिफ्ट सोडून दरवाज्यांवर जाऊन बसली होती. बाईंनी ते मासिक अहवालात लिहिलं, पान चौदा. अहवाल साहेबांना गेला. साहेबांनी पहिलं पान वाचलं, कारण पहिल्या पानावर फोटो असत.

मंजुरीचा कागद साहेबांच्या खणात पडून राहिला. हँडल कुठल्या रंगाचं असावं यावर त्यांचं मन ठरत नव्हतं. अठराव्या दिवशी बाई स्वतः गेल्या.

"साहेब, दरवाज्यांची सही."

साहेबांनी खुर्ची वळवली आणि पाठीमागच्या प्लॅस्टिकवर पट्टी ठेवली. "हे बघा. चाळीस दिवस मोकळीक. तुमच्याच हातचं आहे, मॅडम. अजून बावीस शिल्लक आहेत."

"तो तक्ता जुना आहे. आता शून्य आहे. पान चौदा बघा."

"बघतो, बघतो."

बाई संतापून बाहेर पडल्या. पुढे त्या स्वतःला दोष देत आल्या तो एवढ्याचसाठी. तिथल्या तिथे स्क्रू-ड्रायव्हर मागवून ते चार स्क्रू काढायला हवे होते. पायरीवर बसून राहायला हवं होतं, सही होईस्तोवर. त्याऐवजी त्यांनी एक स्मरणपत्र धाडलं. आपलं बरोबर आहे एवढ्यावर समाधान मानून गप्प बसणं हाही आळसच, हे त्यांना तेव्हा सुचलं नाही.

सही एकेचाळिसाव्या दिवशी झाली. हँडल अखेर काळंच ठरलं.

इमारत एकेचाळीस दिवस लांबली, ती तिथे. गंमत अशी की मूळ तारखेच्या हिशेबाने उशीर जेमतेम एका दिवसाचा. पण हॉस्पिटलने साहेबांच्या शब्दावर जुना बायकांचा वॉर्ड रिकामा करून पाडायलाही घेतला होता. पंचवीस खाटा आता जिन्याखाली आणि व्हरांड्यात, मधे हिरवे पडदे लावून. टाळ्या घेताना तारीख साहेबांची होती. व्हरांड्यात कण्हायला मात्र बायका होत्या.

इथे गच्चीकाका येतात.

काका गच्च्या करत. गळती लागू न देणं हा त्यांचा धंदा. विटांचे तुकडे रचून त्यावर कोबा घालायचा, उतार असा द्यायचा की थेंबसुद्धा वाट चुकणार नाही, आणि मग सगळ्या गच्चीवर वीतभर पाणी कोंडून तीन दिवस बसायचं. त्या तीन दिवसांत काका खालच्या मजल्यावर छताकडे बघत फिरायचे, हातात खडू घेऊन. जिथे शंका तिथे गोल. एकतीस वर्षांत त्यांच्या एकाही गच्चीखाली बादली ठेवावी लागली नव्हती, आणि हे ते भेटल्या माणसाला सांगत. माणूस तोच असला तरी पुन्हा सांगत. त्यांच्या हाताखाली चौदा माणसं होती. या कंपनीच्या मान्य कंत्राटदारांच्या यादीत त्यांचं नाव होतं, म्हणून त्या चौदा जणांना वर्षभर काम मिळे.

या इमारतीवर त्यांना अकरा दिवस उशीर झाला होता. कोबा झाल्यावर नळवाल्यांनी येऊन दोन भोकं पाडली, आणि काकांना दोन कोपरे उकरून पुन्हा करावे लागले. त्यांनी तेव्हा सगळं छप्पर डोक्यावर घेतलं होतं. पण गच्चीला बत्तीस दिवसांची मोकळीक होती. त्यातले अकरा गेले, एकवीस उरले. इमारतीला त्याने नखाएवढाही धक्का लागला नाही.

हॉस्पिटलवाल्यांनी उशिराचा जाब विचारायला बैठक बोलावली. तिच्या आदल्या दिवशी दुपारी साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. चहा मागवला. बाईंनी कपाकडे बघितलंच नाही. साहेबांनी बिनकामाचा चहा आजवर कुणाला पाजला नव्हता.

"मॅडम, एक बाण काढायचाय."

"कुठून कुठे?"

"गच्चीची पाण्याची चाचणी, तिथून दरवाज्यांच्या मागणीकडे. म्हणजे असं, की गच्ची कोरडी आहे याची खात्री झाल्याशिवाय वरच्या मजल्याचे दरवाजे मागवणार कसे? ओल आली तर चौकटी फुगतील. पटण्यासारखं आहे ना?"

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग साहेबांनी टेबलावरचं पत्र पुढे सरकवलं. गच्चीकाकांच्या नावाचं होतं. 'कामातील निष्काळजीपणामुळे संपूर्ण प्रकल्पास विलंब झाल्याने आपले नाव यादीतून कमी करण्यात येत आहे.' खाली सहीची जागा मोकळी.

"साहेब, दरवाजे लोखंडाचे आहेत. लोखंड फुगत नाही."

"ते तिथे कोण विचारतंय?"

"आणि काका? त्यांचं काय?"

"काकांचं वय झालंय आता. आज ना उद्या थांबणारच होते. अहो, एक बाण! त्यासाठी एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

बाई उठल्या. त्यांचा आवाज चढला नाही; तो चढला असता तर बरं झालं असतं असं त्यांना नंतर वाटलं. "मी सव्वीस वर्षांत शेकडो बाण काढले, साहेब. प्रत्येक बाणासाठी कुणाला तरी जाऊन विचारलंय. हा कुणाला विचारू? त्या काकांना जाऊन विचारू का, की बाबा, तुमच्या मानेवरून एक रेघ ओढायचीय, ओढू का?"

"मग राहू द्या," साहेब म्हणाले. "मला येतं संगणक चालवायला."

त्या संध्याकाळी घरी बाईंच्या हातून दोन वेळा दूध उतू गेलं. सासूबाई आता ऐंशीच्या घरात होत्या, पण कान शाबूत होते. सगळं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "त्या म्हाताऱ्याला सांगितलंस?"

"नाही. उगाच जिवाला घोर लावून काय करू?"

"मग तुझ्या जिवाला आहे तेवढा पुरे. गॅस बंद कर."

बैठक हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीत होती. तिथे जायला व्हरांड्यातून जावं लागे, हिरव्या पडद्यांच्या मधून. एका पडद्याआडून कुणीतरी पाणी मागत होतं आणि एक नर्स "आले हं, आले," म्हणत धावत होती. साहेब फोनवर बोलत पुढे निघून गेले. बाई हळूहळू चालल्या. खोलीत पोचेपर्यंत त्यांच्या रागाला नीट धार आली होती.

टेबलापलीकडे हॉस्पिटलचे इंजिनिअर होते, निवृत्तीला आलेले, चष्मा पुसत ऐकणारे. त्यांच्या शेजारी मेट्रन. त्या पुसत वगैरे काही नव्हत्या.

"माझ्या पंचवीस बाया व्हरांड्यात आहेत," मेट्रन म्हणाल्या. "मला तक्ते नकोत. मला कुणामुळे ते सांगा."

"तेच सांगतो," साहेब म्हणाले आणि पडद्यावर तक्ता उमटला.

बाण होता. गच्चीपासून निघून, अर्ध्या कागदावरून उडी मारून, दरवाज्यांच्या मागणीत घुसलेला. लाल रेघ आज्ञाधारकपणे उठून गच्चीवर जाऊन बसली होती. पढवलेला पोपट बोलत होता. आणि कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, 'तक्ता तयार करणार' असं लिहून पुढे बाईंचं नाव होतं. टोपणनाव नव्हे. हजेरीपटावरचं.

साहेब पट्टीने समजावत होते. गच्चीच्या कंत्राटदाराची ढिलाई, पाण्याची चाचणी लांबली, ती संपल्यावर दोनच दिवसांत आम्ही दरवाजे मागवले. आमच्याकडून एक क्षणही वाया गेला नाही. त्या कंत्राटदारावर कारवाई करत आहोत.

"कोण तो माणूस?" मेट्रननी विचारलं. "हाकला त्याला."

"थांबा," बाई म्हणाल्या. "हा तक्ता माझा नाही."

साहेब हसले. "मॅडम, आपण नंतर—"

"नाव माझं आहे, तेव्हा आत्ताच." बाईंनी कानामागची पेन्सिल काढली, पण भिंतीवर पांढरा फळा होता, त्यांनी तिथलं पेन उचललं. "साहेब म्हणतात तसा हा बाण खरा धरू. आपण म्हणू, की गच्चीची चाचणी झाल्याशिवाय दरवाजे मागवताच येत नाहीत. ठीक?"

इंजिनिअरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ठीक."

"आता नव्या तारखेला इमारत द्यायची तर दरवाजे ज्या दिवशी मागवायला हवे होते, त्याला आपण शून्य दिवस म्हणू." त्यांनी शून्य लिहिलं. "मागणी गेली एकेचाळिसाव्या दिवशी. चाचणी संपली त्याच्या दोन दिवस आधी, म्हणजे एकोणचाळिसाव्या. गच्चीला उशीर झाला अकरा दिवस. ते अकरा परत करा त्यांना. समजा, काकांनी एक दिवसही उशीर केला नाही. मग चाचणी कधी संपली असती?"

"अठ्ठाविसाव्या दिवशी," इंजिनिअर म्हणाले. आणि मग ते खुर्चीत पुढे सरकले.

"अठ्ठाविसाव्या. म्हणजे गच्ची अगदी वेळेवर झाली असती, तरी हा बाण खरा असता तर दरवाजे अठ्ठावीस दिवस उशिराच गेले असते. मग साहेबांनी तुम्हाला चाळीस दिवस आधीची तारीख दिली ती कशाच्या जोरावर? बाण खरा असेल, तर तारीख पहिल्या दिवसापासून खोटी होती. आणि तारीख खरी असेल, तर हा बाण खोटा आहे. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. साहेबांनी कुठलं ते एक निवडावं."

साहेब पट्टी एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते.

मेट्रननी इंजिनिअरांकडे बघितलं. "मला आकडे कळत नाहीत. या बाई काय म्हणतायत?"

"म्हणतायत," इंजिनिअर सावकाश म्हणाले, "की गच्चीवाल्याचा काही संबंध नाही."

"मग त्या एकेचाळीस दिवसांत झालं काय?"

"कागद खणात होता," बाई म्हणाल्या. "सहीची वाट बघत. आणि थोडं माझंही चुकलं. मोकळीक संपली हे मी चौदाव्या पानावर लिहून गप्प बसले. ते पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, साहेबांच्या नाकासमोर धरायला हवं होतं. मेट्रन, तुमच्या बायांची मी एवढ्यापुरती अपराधी आहे. पण ज्या माणसाने तीन दिवस पाणी कोंडून छताला खडूचे गोल काढले, तो नाही."

बाहेरून खाटेची चाकं ओढल्याचा आवाज आला.

टंकलेखक कोपऱ्यात इतिवृत्त टिपत होता. बैठक संपल्यावर त्याने कागद काढून आणला. बाईंनी तो उभ्याउभ्या वाचला. गच्चीचा उल्लेख गेला होता, काकांचं नाव गेलं होतं. त्या जागी लिहिलेलं होतं: 'काही कारणास्तव दरवाज्यांच्या मागणीस विलंब झाला.'

"काही कारणास्तव?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, एवढं ताणू नका," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "तुमचा म्हातारा सुटला ना?"

पण बाईंना तेवढ्यावर सुटता येईना. म्हातारा असो की आणखी कुणी, दोष असा मोकाट सोडला की तो सगळ्यात गरीब दार बघून आत शिरतो. पुढच्या इमारतीत तो एखाद्या फरशीवाल्याच्या घरात शिरेल, नाहीतर वायरमनच्या. त्यांनी 'काही कारणास्तव' वर रेघ मारली आणि वर आपल्या बारीक, सरळ अक्षरांत लिहिलं: 'मंजुरीचा कागद प्रकल्पप्रमुखांकडे एकेचाळीस दिवस सहीविना राहिल्यामुळे, व मोकळीक संपल्याची नोंद ठळकपणे न कळवली गेल्यामुळे'. खाली सही केली आणि कागद साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "मला विचार करायला जरा वेळ द्या."

"किती दिवस?" मेट्रननी विचारलं.

साहेबांनी सही केली.

पुढच्या सोमवारी बाईंना बदलीचा कागद आला. शहराबाहेर सांडपाण्याच्या टाक्यांचं काम होतं, तिथे. त्यांना नवल वाटलं नाही. साहेब आहेत तिथेच राहिले, याचंही नाही. राग मात्र आला, आणि तो त्यांनी लपवला नाही. आपली पुस्तकं, डबा आणि पेन्सिली पिशवीत भरून त्या निघाल्या, पण निघण्याआधी गच्चीवर चढल्या.

काका तिथे होते, कमरेवर हात ठेवून. त्यांच्या पायाशी ताज्या कोब्यात अंगठा जाईल एवढं एक भोक होतं.

"ताई, बरं झालं आलात! हे बघा. कुणीतरी तारेचा खांब रोवायला भोक पाडून गेलंय. विचारलं नाही, सवरलं नाही! एकतीस वर्षांत माझ्या गच्चीखाली..."

"बादली नाही ठेवावी लागली," बाई म्हणाल्या. "काका, यादीत तुमचं नाव राहिलं."

"कसली यादी?"

"कंपनीची."

"राहिलं म्हणजे? ते कुठे जाणार होतं?" काका वैतागून म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष भोकाकडे होतं. "ते सोडा हो. हे बुजवायला मला दोन दिवस लागतील, आणि हे दोन दिवस माझ्या नावावर लावायचे नाहीत, सांगून ठेवतो. भोक ज्याने पाडलं त्याच्या नावावर लावा."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. कुठल्या तक्त्यात लिहायचं, इथला तक्ता आता त्यांचा नव्हता. तरी त्यांनी पिशवीतून कागद काढला, भोकाशेजारी उकिडव्या बसल्या, आणि विचारलं, "तारवाला कोण होता? नाव माहीत आहे?"